दोन भाग थांबले

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. स्थळ अकोला, जुन्या वस्तीतल्या एका घराचा ओटा. नोटिशीत मागितलेली भरपाई नऊ लाख चाळीस हजार रुपये. कामापुरती हजर माणसे पाच: नोटीस बजावायला आलेले तिकडचे बेलिफ, ज्यांच्यावर ती बजावायची ते गृहस्थ, एक पंच म्हणून समोरचा चहावाला, दुसरा पंच मी, आणि अर्जदार प्रमिला प्रकाश तायडे, राहणार अमरावती, त्या स्वतःही बेलिफ.

या शेवटच्या नावाबद्दल मला लिहायचे आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. जे स्वतः पाहिले आणि जे बाईंनी स्वतः सांगितले तेवढेच लिहीन. कोर्टांची नावे लिहिणार नाही. दोष कोर्टांचा नव्हता, दोन माणसांचा होता.

तायडेबाई नऊ वर्षे आमच्या समोरच्या घरात भाड्याने राहिल्या. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा कर्मचारी. कागद पोचला नाही की खटला हलत नाही, नुसती पुढची तारीख पडते. ज्याच्यावर खटला असतो त्याला हे चांगले ठाऊक असते, म्हणून तो सहसा घरी सापडत नाही. बाईंचे यजमान प्रकाशराव हेही बेलिफच होते. अचलपूरकडून कागद बजावून परत येताना एका मालवाहू गाडीने त्यांच्या मोपेडला मागून उडवले. दीड वर्षाने अनुकंपा तत्त्वावर बाईंना त्यांची जागा मिळाली. जागेबरोबर त्यांनी यजमानांची खाकी पिशवीही वापरायला काढली. तिचा एक बंद फाटलेला होता. तो त्यांनी शिवला, पण दोऱ्याचा रंग मुद्दाम वेगळा घेतला. "कुठं फाटली होती थे दिसलं पायजे," म्हणाल्या.

कोरियन मालिकांचा नाद त्यांना नोकरीमुळेच लागला. माणूस घरी नसला की इतर बेलिफ परत फिरत. बाई ओट्यावर बसत. बसून करायचे काय? मुलीने मोबाईलवर एक मालिका लावून दिली, हिंदीत डब केलेली. शाळेत छळलेली मुलगी मोठी होऊन एकेकाला गाठते, अशी गोष्ट. ती संपली तशी दुसरी, मग तिसरी. सगळ्या सुडाच्या. प्रेमाच्या मालिका त्या बघत नसत. "दोघं छत्रीत उभे रायतात, अन् तासभर काहीच होत नाही," असे त्यांचे मत होते.

इअरफोन त्या फक्त डाव्या कानात घालत. उजवा कान कडीसाठी मोकळा. आत कोणी कडी हलवली, भांडे सरकवले, खोकले, की मोबाईल पिशवीत आणि बाई दारात. त्यांच्या रोजच्या डायरीत मी नोंदी वाचल्या आहेत: "मोर्शी. दोन भाग थांबले. इसम भेटला." एक भाग साधारण एक तास पाच मिनिटांचा. कोर्टातल्या साहेबांनी विचारले, हे भाग म्हणजे काय? बाईंनी खरे सांगितले. साहेब हसले आणि म्हणाले, कागदावर तास लिहीत जा. तेव्हापासून कोर्टात द्यायच्या अहवालात तास आणि स्वतःच्या डायरीत भाग, असे त्या दोन्हीकडे लिहीत.

अचलपूरचा किस्सा त्या नेहमी सांगत. एका इसमाच्या आईने दारातच सांगितले, पोरगा नागपूरला गेला. बाईंनी ओट्याखाली पाहिले. माणसाच्या चपला तिथेच होत्या. बाई "बरं" म्हणून बसल्या. पहिल्या भागात म्हातारी दारातून डोकावत राहिली. दुसऱ्या भागात शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कानातलं काढ ना वो बाई, मलेही आयकू दे." बाईंनी आवाज मोठा केला. तिसऱ्या भागात नायिकेने खलनायकाचे दार वाजवले, आणि खलनायकाची आई म्हणाली, तो घरी नाही. म्हातारी उठली. मग घरात वळून ओरडली, "बायेर ये रे गजानन! हे बाई काई जात नाही!" गजानन धान्याच्या कोठीमागून आला, सही केली आणि विचारले, "थ्या पोरीनं त्याले सोडलं काय मंग?"

"कागद देल्ला, अन् चौथा भाग तिथंच पायला. चहा झाला," बाई सांगायच्या.

माझ्या बायकोला, मंगलला, बाईंनीच या मालिका लावल्या. मी हरकत घेतली. कायदा हातात घेणाऱ्या माणसांचे कौतुक मला पटत नाही. मी एक मालिका वही घेऊन पाहिली. सोळा भाग. पहिला सूड सहाव्या भागात. बेकायदा कृत्ये एकतीस. मी ती यादी बाईंपुढे ठेवली आणि म्हणालो, "तुम्ही कोर्टाचं माणूस. तुम्हाला हे कसं आवडतं?"

बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली. "एक राहिलं सुरेशभाऊ. नवव्या भागात थे खोट्या सहीनं तिजोरी उघडते. बत्तीस करा."

मग म्हणाल्या, "मारामारी मी पुढं ढकलते. मले थे पायवत नाही. मले शेवटलं आवडते. थो माणूस खाली बसला रायते, अन् थे पोरगी त्याले त्यानं जे जे केलं थे सगळं वाचून दाखवते. एकेक. कोनी मधात बोलत नाही. कोनी तारीख मागत नाही. त्याले पुरतं आयकावं लागते."

"आणि मग मारते," मी म्हणालो.

"मंग मी बंद करते."

मंगल म्हणाली, "पण ताई, त्यांच्याकडं तो माणूस नेमका घरीच कसा सापडतो?"

"हेच तं! कोरियाले समन्स नसन काय? काळी गाडी, मोठ्ठं गेट, पन माणूस घरीच! माह्या नोकरीत असा एक दिवस येऊ दे म्हना."

आम्ही हसलो. बाईंचा स्वतःचा माणूस तोपर्यंत सहा वर्षांत सापडला नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

ते नंतर कळले. प्रकाशरावांच्या मृत्यूबद्दल बाईंनी भरपाईचा दावा केला होता. गाडीचा विमा संपलेला, म्हणून जबाबदारी एकट्या मालकाची. अपघाताच्या वेळी तोच गाडी चालवत होता. तो अकोल्याचा. नोटीस तिकडच्या बेलिफाकडे जाई आणि परत येई. चार वेळा गेली, चार वेळा परत आली. चारही अहवालांत एकच वाक्य: "घर बंद. शेजारी विचारपूस करता इसम बाहेरगावी असल्याचे समजले."

वकील सांगत होते, पेपरात नोटीस छापू आणि एकतर्फी निकाल घेऊ. बाई तयार होईनात. "पेपर कोन वाचते? त्याच्या हातात कागद गेला पायजे. त्याले मालूम झालं पायजे, का आपून कोनाले मारलं." त्यांना पैशापेक्षा हेच हवे होते. आणि नेमके हेच त्यांना स्वतः करता येत नव्हते. जिल्ह्यात लपलेला कोणताही माणूस शोधणाऱ्या बाई, पण स्वतःच्या दाव्यातली नोटीस बेलिफाने स्वतः बजावायची नसते. त्या बाबतीत त्या इतक्या कडक होत्या, की अकोल्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेल्या तेव्हा त्या वस्तीतून जाणारा रस्ताही त्यांनी टाळला होता. "उद्या कोनी म्हनन, बाईनं धमकावलं."

सहा वर्षांत त्या इसमाचे एक चित्र त्यांच्या मनात तयार झाले होते. उंच गेट, कुत्रा, मागच्या दाराने निघून जाणारा, शेजाऱ्यांना दमात ठेवणारा माणूस. चार वेळा बेलिफाला चकवतो म्हणजे हुशारच असणार. मालिका बघताना त्या कधीकधी मंगलला सांगत, "आमचा असाच असन."

पाचव्या वेळी अकोल्याचे जुने बेलिफ निवृत्त झाले होते. नोटीस चारदा परत आली आहे, तर या वेळी अर्जदाराने बरोबर यावे, असे नव्या बेलिफांनी कळवले. तसे चालते. बाईंनी साहेबांची लेखी परवानगी घेतली, एक रजा टाकली आणि माझ्याकडे आल्या. "त्यानं कागद घ्यायले नाही म्हटलं तं दारावर डकवा लागन. पंच पायजे. तुमी नेमके लिवता, म्हनून तुमी चाला."

आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. बाईंनी वाटेत मोबाईल काढला नाही. मांडीवर एक कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. प्रकाशरावांबद्दल त्या माणसाला वाचून दाखवायचे सगळे त्यात आहे, एवढेच त्यांनी सांगितले. मी मागितला नाही, त्यांनी दाखवला नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही, कारण लांबूनच आवाज येत होता. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती. दार उघडे होते. दार म्हणजे शटर, ते वर केलेले, आणि बाहेर तीन बायका डबे घेऊन रांगेत. पिठाने पांढरा झालेला, साठीचा, किरकोळ माणूस डब्यात हात घालून पीठ चाचपत होता.

नवे बेलिफ म्हणाले, "हेच घर. पत्ता हाच."

बाई म्हणाल्या, "हे नसन. थे घर बंद रायते."

त्यांनी नाव विचारले. माणूस म्हणाला, "मीच." त्याने पट्टा सरकवला, बटण बंद केले. गिरणीचा आवाज उतरत उतरत थांबायला पाऊण मिनिट लागले असेल. तेवढा वेळ बाई त्याच्याकडे बघत होत्या आणि तो त्यांच्याकडे.

"गिरणी कधीपासून?" बाईंनी विचारले.

"सात वर्षं होतीन. थो अपघात झाल्यावर गाडी इकली. गिरणी टाकली."

"रोज चालू?"

"सकाळी सातपासून. सनावाराले बंद." मग तो थांबला. "तुमी त्याईच्या मंडळी काय?"

बाईंनी मान हलवली.

"मले वाटलंच होतं, कागद येईन म्हनून. वर्षभर वाट पायली. मंग वाटलं तुमी सोडून देल्लं." तो ओट्यावर खाली बसला. "झोप लागली होती बाई मले. दोन रात्री जागलो होतो. माहीच चूक हाये."

माणूस खाली बसलेला, सगळे गप्प, बाईंच्या हातात कागद. सहा वर्षे त्या ज्याची वाट बघत होत्या, तो शेवटचा भाग समोर होता. रांगेतल्या बायकांनीही डबे खाली ठेवले.

बाईंनी कागद उघडला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "वाट पायली म्हनता. अन् कोर्टाचा रस्ता मालूम नोता काय तुमाले?"

बेलिफांनी नोटीस पुढे केली. त्याने धोतराला हात पुसले, तरी सही करताना आमच्या प्रतीवर पिठाची दोन बोटे उमटली. पंचांची गरज पडली नाही. चहावाला आणि मी नुसते उभे होतो. बाई ओट्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "गिरणी चालू करा. बाया खोळंबल्या."

परतीच्या बसमध्ये मी संतापलो होतो. माणूस सात वर्षे उघड्या शटरमध्ये बसलेला, आणि चार अहवालांत "घर बंद". म्हणजे आधीचे बेलिफ तिथे एकदाही गेले नव्हते. कुठल्यातरी चहाच्या टपरीवर बसून वाक्य लिहिले असणार. मी म्हणालो, "बाई, निवृत्त झाला म्हणून काय झालं? तक्रार करा. मी मसुदा करून देतो. खरा खलनायक तोच."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मूर्तिजापूर गेले. मग म्हणाल्या, "भाऊ, थे वाक्य मी लगेच का नाही ओळखलं म्हनता? चारदा वाचलं मी थे. मले कायले शंका नाही आली?"

"सही-शिक्का होता म्हणून."

"नाही. थ्याच्यावर शंका घेतली असती तं माह्यावर बी घ्या लागली असती. थे वाक्य मी बी लिवलं हाये. एकदा."

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट त्यांनी सांगितली. वलगावच्या वनिता नावाच्या बाईने नवऱ्यावर पोटगीचा दावा केला होता. नवरा मोर्शीच्या पुढे एका खेड्यात. बाईंना ताप होता, ऊन शेहेचाळीस अंशांचे, मोपेड बंद पडलेली. त्यांनी मोर्शीच्या स्टँडवर बसून ते वाक्य लिहिले. घर बंद. पुढची तारीख पडली, साहेब बदलले, आणि कागद पुन्हा निघून बजावला जायला अकरा महिने गेले.

"एकच," मी म्हणालो. "इतक्या वर्षांत एकच."

"थ्या बाईले तं एकच खटला होता ना भाऊ."

हिशेब बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात बाईंनी दोन अर्ज दिले. पहिला स्वतःविरुद्ध, स्वतःच्या हस्ताक्षरात, दाव्याच्या क्रमांकासह. दुसरा त्या निवृत्त बेलिफाविरुद्ध. मी म्हणालो, क्रम उलटा करा, निदान एकाच दिवशी देऊ नका. बाई म्हणाल्या, "पयला माहा. नाही तं दुसऱ्याले वजन येत नाही." साहेबांनी त्यांना बोलावून विचारले, कोणी मागितलेले नसताना हे का लिहून देता? बाईंनी काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. त्यांची एक वेतनवाढ वर्षासाठी रोखली गेली. कोर्टातल्या दोघातिघांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. इतरांना वाटले, उद्या आमचेही अहवाल काढतील.

मालिका त्या बघतच राहिल्या. मंगलने विचारले, "आता तरी कंटाळा आला नाही का ताई?" त्या म्हणाल्या, "उलट आता नीट दिसते. आधी मी फक्त थ्या पोरीकडं पायत होती."

मधल्या काळात त्यांनी वनिताच्या दाव्याचे कागद नकला काढून वाचले. उलटतपासणीत वनिताने सांगितले होते, की पोटगी नव्हती त्या काळात घरभाड्यासाठी शिलाई मशीन विकावी लागली. बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती.

एप्रिलमधला एक रविवार. बाईंनी मशीन घेतली, लोखंडी स्टँडची, पायाने चालवायची. आम्ही ती ऑटोत घालून वलगावला नेली. चढवायला-उतरवायला दुसरा माणूस हवा, म्हणून मी. वनिताचे घर बंद होते. खरोखरचे बंद, कुलूप लावलेले. शेजारणीने सांगितले, बाजाराला गेली.

मी म्हणालो, "मशीन शेजारी ठेवू. चिठ्ठी लिहून ठेवा."

बाई पायरीवर बसल्या. डाव्या कानात इअरफोन, उजवा मोकळा. ऑटोवाला म्हणाला, "काकू, वेटिंग लागन." बाई म्हणाल्या, "लाव." अकरा वाजून पाच मिनिटांनी बसलेल्या त्या सव्वा वाजेपर्यंत तिथे होत्या. सावली सरकली तशा त्याही पायरीच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. माझ्या डोळ्यांसमोर बाई येतात त्या अशा. आता त्या बदलीने दुसऱ्या जिल्ह्यात आहेत आणि वर्षातून एकदा मंगलला फोन करतात, पण मला दिसते ती ही पायरी, खाकी पिशवी आणि वेगळ्या दोऱ्याची शिवण.

वनिता आली. चाळिशीची, हातात भाजीची थैली. तिने बाईंना ओळखले नाही. ओळखायचे कारणच नव्हते, बाई कधी तिच्यापर्यंत आल्याच नव्हत्या. ती कुलूप काढायला पायरी चढली. बाई उठल्या नाहीत. त्या खालच्याच पायरीवर बसून राहिल्या, पिशवीतून एक कागद काढला आणि वाचू लागल्या. नाव, हुद्दा, तारीख, मोर्शीचा स्टँड, ते वाक्य, आणि मग: "हे मी तिथं न जाता लिवलं. थ्याच्यानं तुमचे अकरा महिने गेले. थ्यात तुमची मशीन गेली."

वनिता दारात उभी राहून ऐकत होती. कोणी मधे बोलले नाही. ऑटोवाल्यानेही बिडी विझवली.

वाचून झाल्यावर वनिताने ऑटोतल्या मशीनकडे पाहिले. "लेकीचा अकरावीचा फारम राहिला होता थ्या साली," ती म्हणाली. "थे तुमच्या कागदात नाही."

बाईंनी पेन काढले आणि तेही खाली लिहिले.

"मशीन ठेवा आत," वनिता म्हणाली. "पानी मांगू नका."

आम्ही मशीन आत ठेवली. बाईंना तहान लागलेली असणार, दोन तास बाहेर उकाड्यात बसल्या होत्या. त्या पाणी न मागता ऑटोत बसल्या. गाव सुटल्यावर मला म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं." चेहऱ्यावर दुःख नव्हते. अवघड गणिताचा ताळा जमलेल्या माणसासारखा तो चेहरा होता. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. त्या दिवसापासून मी त्यांना नमस्कार करताना दोन्ही हात जोडतो.

शेवटी दिले गेले ते असे. अकोल्याच्या गिरणीवाल्याने तडजोडीत साडेचार लाख रुपये कबूल केले. ते अठरा हप्त्यांत, एकही तारीख न चुकवता, प्रमिला तायडे यांना मिळाले. निवृत्त बेलिफाविरुद्धच्या अर्जाचे काय झाले ते कळले नाही. शिलाई मशीनचे आठ हजार पाचशे रुपये दुकानदाराला, आणि ऑटोचे, वेटिंग धरून, सहाशे वीस ऑटोवाल्याला. ते मी देऊ लागलो तर बाईंनी माझा हात बाजूला केला. खंड पडलेली बारावी उशिराने पुरी करून वनिताच्या मुलीने नर्सिंगला प्रवेश घेतला. तिची पहिल्या वर्षाची फी अठ्ठावीस हजार रुपये कोणीतरी कॉलेजात रोख भरली आणि पावती मुलीच्या नावावर फाडली. पैसे कोणी भरले ते पावतीवर नाही. पण त्या आठवड्यातल्या बाईंच्या डायरीत एक नोंद आहे: "कॉलेजचे ऑफिस. दोन भाग थांबले. कारकून भेटला."